गाण्यात राणी, पगारात उणी

(शेतकी विभागाकडून)



ऊस विकास अधिकाऱ्याने या पत्रिकेत लिहायचे म्हणजे बेणेप्रक्रिया, हुमणी, नाहीतर खोडव्याची तोडणीनंतरची कामे, असा आजवरचा शिरस्ता. मार्चच्या अंकात महिलांसाठी पाने राखून ठेवतात आणि यंदा संपादक मंडळाने त्यातली काही पाने आमच्या अंगावर टाकली. विषय दिला 'शेतात राबणारी बाई'. आता जात्यावरच्या ओव्या आणि कापणीची भलरी यांविषयी आम्ही सभासदांना काय सांगावे? ज्यांच्या घरात त्या म्हटल्या गेल्या त्यांनीच आम्हाला सांगाव्यात. म्हणून जरा लांबचे, पण अगदीच परके नव्हे, असे उदाहरण घेतले आहे. ते आहे पोर्तुगाल देशातल्या कष्टकरी बायांच्या गाण्यांचे. त्या देशात राबणाऱ्या बाईवर गाणी फार. कापणीवाली, खुरपणीवाली, धुणेवाली, मासळीवाली, साऱ्यांची गाणी आहेत. एवढी गाणी झाली, आणि त्या बाईच्या पदरात काय पडले, हे बघण्यासारखे आहे.

पोर्तुगीज म्हटले की आपल्याला गोवा आठवतो. १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांचे तिथे राज्य होते, आणि जाताना ते आपल्या बोलीत बरेच काही ठेवून गेले. बटाटा, पाव, चावी, बादली हे शब्द त्यांचेच. बाया डोक्यावर वाहतात ते घमेलेसुद्धा त्यांच्या 'गामेला'वरून आले. आणि महिना भरला की कामगार ज्याची वाट बघतो तो 'पगार' हाही शब्द पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. हा शब्द ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

तेजो नदीच्या पलीकडे

पोर्तुगालच्या मधून तेजो नावाची मोठी नदी वाहते. तिच्या दक्षिणेला आलेंतेजो हा प्रांत. नावाचा अर्थच मुळी 'तेजोपलीकडचा मुलूख'. देशाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग या प्रांताने व्यापला आहे, पण वस्ती विरळ. लांबच लांब माळ, त्यावर बुचाची झाडे, ऑलिव्हच्या बागा आणि गव्हाची रानं. पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा, आणि पारा ४० अंशांच्या वर जातो. आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला तिथलं ऊन नवं वाटायचं नाही.

जमीन मात्र आपल्यासारखी दोन-चार एकरांत वाटलेली नव्हती. एकेका मालकाकडे शेकडो, कुठे हजारो हेक्टर. अशा मोठ्या शेताला 'एर्दाद' म्हणत. कित्येक मालक शहरात राहायचे, आणि गावातल्या बहुतेक कुटुंबांकडे जमिनीचा तुकडाही नसायचा. १९२९ साली तिथल्या सरकारने 'गव्हाची मोहीम' काढली. देश गव्हात स्वयंपूर्ण करायचा म्हणून हलके माळसुद्धा नांगराखाली घेतले. गहू वाढला, मालकाला भाव मिळाला, आणि काही वर्षांत हलक्या जमिनी झिजून गेल्या. जमिनीची धूप हा आमचा आवडता विषय, पण तो इथे लांबवत नाही.

मजूर ठरायचे ते गावच्या चौकात, बहुधा रविवारी. चौकाला नावच 'जॉर्नाचा चौक', जॉर्ना म्हणजे रोज. मजूर येऊन उभे राहायचे, मालकाचा माणूस यायचा, अंगापिंडाने बरे बघून निवडायचा आणि रोज ठरायचा. जो नको असेल, ज्याने मागल्या खेपेला तोंड उघडले असेल, तो उभाच राहायचा. टोळीवर मुकादम असे, त्याला 'मानाजेइरो' म्हणत. कामाचा वेग तो ठरवी.

हंगामात गावची माणसे पुरत नसत, तेव्हा उत्तरेच्या डोंगराळ भागातून टोळ्या यायच्या. तेजोकाठच्या भातखाचरांत येणाऱ्या मजुरांना 'गायबेऊ' म्हणत. आल्वेस रेदोल या लेखकाने १९३९ साली त्यांच्यावर त्याच नावाची कादंबरी लिहिली. घरदार सोडून, भांडीकुंडी बांधून, परक्या मुलखात खोपटात राहायचे आणि हंगाम संपला की परतायचे. कारखान्याच्या तळावर दरवर्षी टोळ्या उतरताना जे दिसते तेच.

बोटात नळ्या, तोंडात गाणे

मे-जूनमध्ये गहू पिकला की विळ्याने कापणी. बाया आणि पुरुष एका ओळीने रानात शिरत. बाईचा वेश बघण्यासारखा. डोक्याला रुमाल गच्च बांधलेला, त्यावर रुंद काठाची टोपी, हातावर मनगटापासून वर कापडी बाह्या, आणि वाकताना अडचण नको म्हणून घागरा पायांच्या मधून बांधून विजारीसारखा केलेला. म्हणजे थोडक्यात कासोटाच. डाव्या हाताच्या बोटांत नळाच्या पोकळ पेरांच्या नळ्या घालायच्या. डाव्या हाताने गव्हाची मूठ धरायची, उजव्याने विळा ओढायचा. विळा घसरला तर नळीवर बसतो, बोट वाचते. हा नळ गवतकुळातला, आपल्या उसाचा लांबचा भाऊबंद. बांधावर फुकट मिळणाऱ्या पेरापासून केलेलं हे साधन आम्हाला फार आवडलं. आपल्याकडे तोडणीला येणाऱ्या बाईच्या हातात काय असतं? फार तर चिंधी गुंडाळलेली असते.

कापलेल्या मुठी एकत्र बांधून जी पेंडी होते तिला ते 'मोल्यो' म्हणतात. आपल्या 'मोळी'शी तिचे काही नाते नाही, निव्वळ योगायोग, पण कानाला गंमत वाटते खरी.

कामाचे तास सूर्याच्या हिशेबाने चालत. उगवला की सुरू, मावळला की बंद. आणि उन्हाळ्यात त्या देशात सूर्य लवकर मावळत नाही. आठ तासांचा दिवस तिथल्या शेतमजुरांना मिळाला तो १९६२ च्या मे महिन्यात, आलेंतेजो आणि शेजारच्या रिबातेजो या दोन प्रांतांत संप केल्यावर. तोवर दिवस म्हणजे सबंध दिवस.

या ओळीत गाणे चालायचे. आलेंतेजोच्या गाण्याला 'कांते' म्हणतात. वाद्य कोणतेही नाही. एक जण सुरुवात करतो, त्याला 'पोंतो' म्हणतात. त्याचे कडवे झाले की दुसरा, म्हणजे 'आल्तो', वरच्या पट्टीत सूर उचलतो आणि मागून सगळी ओळ तो धरते. चाल अतिशय संथ. ही संथ चाल कुठून आली यावर जाणकारांनी बरेच लिहिले आहे. आम्ही पडलो शेतकी डिप्लोमावाले, आमचे मत साधे आहे. वाकून विळा चालवायचा आणि दमही पुरवायचा, तर गाणे असेच लागणार. २०१४ च्या नोव्हेंबरात युनेस्कोने कांतेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले, त्यामुळे जगात नाव झाले. पण एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. गणवेश घालून, हातात हात गुंफून व्यासपीठावर गाणारी पथके विसाव्या शतकात बरीच वर्षे पुरुषांचीच होती. पुरुषाला गायला चौक होता, गुत्ता होता. बाईला गायची जागा म्हणजे कामाची जागा.

खुरपणीला तर बायाच. खुरपणाऱ्या बाईला 'मोंदादेइरा' म्हणतात. थंडी ओसरत असताना, पिकात तण वर आले की बाया आणि पोरीबाळी आपापली पात धरून वाफसा झालेल्या रानात उतरायच्या. तणनाशके यायच्या आधीचा काळ. तणनाशकाची मात्रा लिटरमध्ये सांगणे आमचे रोजचे काम, पण त्या एका लिटरमागे किती बायांची किती दिवसांची कंबर होती ते पुस्तकात लिहिलेले नसते. भाताच्या पट्ट्यात खुरपणी म्हणजे पाण्यात पाय आणि वरून डास. सादो नदीच्या खोऱ्यातली भातखाचरे हिवतापासाठी कुप्रसिद्ध होती. पोर्तुगाल हिवतापमुक्त ठरला तो १९७३ मध्ये.

आम्हाला ती भाषा येत नाही, गाण्यांचा अर्थ दुसऱ्यांनी केलेल्या भाषांतरावरून घेतला आहे. त्यात बाई उन्हाची तक्रार करते. चेहरा करपला म्हणते. दिवस कलत नाही म्हणून सूर्याला बोल लावते. सैन्यात गेलेल्या गड्याची आठवण काढते. आईजवळ मन मोकळे करते. मालकाला टोमणाही असतो, पण असा झाकलेला की मुकादमाने ऐकला तरी त्याला बोट ठेवता येऊ नये. ओवीत सासूला मारलेले टोमणे ज्यांनी ऐकलेत त्यांना ही रीत नवी नाही.

या साऱ्या गाण्यांत कापणीवाली देखणी आहे, कणखर आहे, तिच्या हाताला वेग आहे. मजुरी वाटताना मात्र तिच्या हातात पुरुषापेक्षा कमी पैसे पडत. ओळ तीच, ऊन तेच, तास तेवढेच. ओळीत मागे राहिली तर मुकादमाचे बोलणेही तेच. आणि चुलीपुढचे काम घरी गेल्यावर वेगळे.

इथे आपल्याकडचा एक मुद्दा काढल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे तोडणीचा हिशेब 'कोयत्या'वर चालतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला दिली जाते, करार मुकादमाशी होतो, आणि टनावारीचे पैसे बहुतकरून पुरुषाच्या हाती जातात. नवरा ऊस तोडतो, ती वाढे छाटते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरी थापते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाला समिती नेमावी लागली. त्या वेळी निघालेल्या बातम्यांत एक कारण पुन्हा पुन्हा येत होते, ते म्हणजे खाडा. आजारपणामुळे काम बुडाले तर दंड कोयत्यावर बसतो, म्हणून दुखणे अंगावर काढायचे. ऊस सभासदाचा, तोडणीचे पैसे सभासदाच्या बिलातून वजा होतात, तेव्हा हा हिशेब कसा होतो ते सभासदाला ठाऊक असलेले बरे. आमच्या गटातल्या करारांवर नजर टाकली तर मुकादमाचे नाव आहे, वाहनाचा नंबर आहे, कोयत्यांची संख्या आहे. बाईचे नाव कुठे नाही. ते लिहायला एक रकाना जास्तीचा लागेल, तेवढा कागद शेतकी ऑफिसात आहे.

असो. पुन्हा पोर्तुगालकडे.

जवस, मका, डफ आणि समुद्रशेवाळ

उत्तर पोर्तुगाल दक्षिणेच्या अगदी उलट. पाऊस भरपूर, डोंगरउतार हिरवे, शेती तुकड्यातुकड्यांची. तिथला पुरुष पिढ्यान्पिढ्या ब्राझीलला, पुढे फ्रान्सला कमाईसाठी जायचा आणि रान बाई सांभाळायची. जवस तिथे धाग्यासाठी लावत. आपण जवस तेलासाठी आणि चटणीसाठी करतो, पण त्याच झाडाच्या काडीतून लिननचा धागा निघतो. काडी मुळासकट उपटायची, बोंडे ओरबाडून काढायची, नदीत भिजत घालायची, वाळवायची, कुटायची, लाकडी पात्याने झोडून भुसा वेगळा करायचा, विंचरायची, मग चातीवर सूत काढायचे. झोडण्याच्या रात्री आळीतल्या बाया एकमेकींच्या घरी जमत आणि गाण्यावर हात चालत. इर्जिकच म्हणा ना. मक्याची कणसे सोलायला तर सारा गाव जमायचा, आणि ज्याला लाल दाण्याचे कणीस सापडेल त्याला 'मक्याचा राजा' लाभला म्हणत. त्याने जमलेल्यांना एकेक मिठी मारायची! त्यामुळे तरुण पोरे त्या कामाला न बोलावता हजर. याच बाजूला मान्योस नावाच्या गावच्या बाया तीन सुरांत गातात, तो प्रकार ऐकाच. एकीच्या आवाजावर दुसरीचा, त्यावर तिसरीचा, अशी मोळीवर मोळी रचावी तसा.

किनाऱ्यावर आपूलिया गाव आहे. तिथे समुद्रातून वाहून येणारे शेवाळ ओढून, वाळूवर वाळवून शेताला खत म्हणून घालत. पाण्यात शिरून ओढणारे बहुधा पुरुष, ओले ओझे वाहून नेणाऱ्या आणि पसरून वाळवणाऱ्या बाया. आज समुद्रशेवाळाचा अर्क म्हणून जी बाटली आपण फवारणीसाठी दुकानातून आणतो, तिची ही आजी.

मधल्या बेइरा भागात ऑलिव्हच्या तोडणीला पुरुष काठीने फांद्या झोडपतात आणि खाली पडलेली फळे बाया वेचतात. कडाक्याच्या थंडीत, वाकून. त्या वेचणीची गाणी वेगळी. याच भागातल्या बाया 'आदुफ' नावाचे चौकोनी वाद्य वाजवतात. दोन्ही बाजूंनी कातडे, आत दाणे घातलेले, त्यामुळे थापेबरोबर खुळखुळ होते. हे वाद्य तिकडे अरबांनी आणले, नावही अरबी 'दुफ'वरून. आपल्या शाहिराच्या हातातला डफ त्याच घराण्यातला. फरक एवढाच की तिकडे तो बायांच्या हातात आहे. मोन्सांतो हे डोंगरावरचे गाव त्यासाठी नावाजलेले.

शहरातल्या बाईची गाणी आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत झालेली आहेत. ओव्हार या किनारी गावाकडून लिस्बनला येऊन डोक्यावरच्या टोपलीतून मासळी विकणारी बाई म्हणजे 'व्हारिना'. फादो नावाचे जे प्रसिद्ध शहरी गाणे आहे, त्यात ती फार. लिस्बनकरांचे कपडे आसपासच्या खेड्यांत धुतले जात. गाठोडी गाढवावर लादून धुणेवाली शहरात यायची. तिच्यावर गाणी झाली, १९३९ च्या सुमारास एक सिनेमाही झाला आणि खूप चालला. मासळीवालीचा डौल, धुणेवालीचे हसू. ऐकायला गोड आहेत, पण ही बहुतेक बाहेरून बघणाऱ्याची गाणी.

बाहेरून बघण्यात मोठी माणसेही आली. फेर्नांदो पेसोआ हा त्या देशाचा फार मोठा कवी, लिस्बनमधल्या कचेऱ्यांत पत्रे लिहून पोट भरणारा. त्याची गाणाऱ्या कापणीवालीवर एक नामांकित कविता आहे. तिच्या बेफिकीर आनंदाचा त्याला हेवा वाटतो. कवी मोठा, त्याबद्दल वाद नाही. पण विळा हातात घेऊन दुपारी १२ वाजता चार मुठी कापल्या असत्या तर हेवा कितपत टिकला असता, याची आम्हाला शंका आहे.

रानात जाऊन ऐकणारा

खुद्द बाईच्या तोंडचे गाणे टिपून ठेवले ते एका परदेशी माणसाने. मिशेल जाकोमेत्ती हा १९२९ साली कॉर्सिका बेटावर जन्मलेला. १९५९ मध्ये तो पोर्तुगालला आला आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडू लागला. फेर्नांदो लोपेस-ग्रासा या संगीतकाराच्या साथीने त्याने प्रांतवार गाण्यांच्या तबकड्यांचा संच काढला. १९७० पासून पुढे काही वर्षे दूरदर्शनवर त्याची मालिका चालली. तिच्यात कापणी, खुरपणी, सूतकताई अशी कामे चालू असताना गाणारी माणसे दिसतात. १९७५ साली त्याने विद्यार्थ्यांच्या तुकड्या खेड्यांत धाडल्या, गाणी आणि त्याबरोबर शेतीची जुनी अवजारे गोळा करायला. त्या अवजारांतून पुढे सेतुबाल शहरात श्रमाचे संग्रहालय उभे राहिले, तेही मासे डबाबंद करण्याच्या जुन्या कारखान्यात, जिथे बायाच राबत. गाणे आणि विळा एकाच ठिकाणी ठेवायचा, हे त्याला सुचले याचे आम्हाला कौतुक वाटते. १९९० मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला आलेंतेजोतल्या पेरोग्वार्दा नावाच्या लहानशा गावात पुरले आहे.

दोन एस्कुदोंची गोष्ट

आता त्या पगाराकडे येऊ.

बेजा जिल्ह्यात बालेइझांव नावाचे गाव आहे. १९५४ च्या मे महिन्यात तिथल्या कापणीवाल्यांनी रोजात दोन एस्कुदोंची वाढ मागितली. एस्कुदो हे तिथले त्या काळचे नाणे. दोन एस्कुदो म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे. मालकाने कामावर बाहेरची टोळी आणली. १९ मे रोजी १४ बाया त्या रानाकडे निघाल्या, टोळीशी आणि मालकाशी बोलायला. पुढे होती कातारीना एउफेमिया, वय २६, तीन लेकरांची आई, धाकटे आठ महिन्यांचे कडेवर. वाटेत बंदूकधारी राष्ट्रीय रक्षकदलाने अडवले. दलाच्या लेफ्टनंटने तिला हटकले, तिने उत्तर दिले, आणि त्याने तीन गोळ्या घातल्या. ती तिथेच गेली. लोक जमतील म्हणून तिला तिच्या गावात पुरूही दिले नाही, दुसऱ्या गावी नेऊन घाईने पुरले. गोळी घालणाऱ्याला शिक्षा झाली नाही.

हे राज्य कोणाचे होते? सालाझारचे. आपल्या जुन्या सभासदांना हे नाव सांगायला नको. कातारीनाला गोळ्या घातल्या त्याच्या पुढल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर याच राजवटीने गोळीबार केला, आणि त्या सत्याग्रहींत महाराष्ट्रातले किती तरी होते. आपण तेव्हा म्हणत होतो की पोर्तुगीज आपल्यावर गोळ्या झाडतात. तो माणूस स्वतःच्या देशातल्या कापणीवालीवरही गोळ्या झाडून घेत होता.

कातारीनावर व्हिसेंत काम्पिनास या कवीने कविता लिहिली आणि जुझे आफोंसो या गायकाने ती गायली. आफोंसो म्हणजे ज्या नावावरून आपल्या आंब्याला हापूस म्हणतात तेच नाव. १९७१ च्या त्याच्या तबकडीत हे गाणे आहे. त्याच तबकडीत गवत विकणाऱ्या बाईवर एक गाणे आहे, आणि कांतेच्या चालीवरचे 'ग्रांदोला' हे गाणेही आहे. त्याच्या सुरुवातीला खडीवरून चालणाऱ्या पावलांचा आवाज येतो, कामावरून परतणारी ओळ चालावी तसा. २५ एप्रिल १९७४ ला मध्यरात्रीनंतर हे गाणे रेडिओवर लावले गेले. ती लष्करातल्या बंडवाल्या अधिकाऱ्यांची खूण होती. दिवस मावळायच्या आत ४८ वर्षांची हुकूमशाही पडली. शेतमजुरांच्या चालीवरच्या गाण्याने रणगाडे बाहेर पडले, असे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. त्याच वर्षी कातारीनाच्या अस्थी बालेइझांवला आणल्या.

हजारो गाण्यांतून कापणीवाली आली, पण ती नुसती 'कापणीवाली' होती. जिचे नाव सबंध देशाला ठाऊक झाले ती दोन एस्कुदो मागणारी.

यापुढचा भाग सहकारातल्या माणसांनी मन लावून वाचावा. १९७५ मध्ये आलेंतेजोतल्या मजुरांनी मोठमोठी शेते ताब्यात घेतली. ११ लाख हेक्टरांहून अधिक जमीन, आणि तिच्यावर सामूहिक शेतीची सुमारे ५०० युनिटे. मालक गेला, मुकादम गेला, सभा भरू लागल्या, हिशेब भिंतीवर लागू लागले. बायांनी शेते ताब्यात घेताना पुढाकार घेतला होता, आणि कातारीनाचे चित्र भिंतीभिंतीवर होते. १९७६ च्या राज्यघटनेत समान कामाला समान मजुरी, स्त्री-पुरुष भेद न करता, असे लिहिले गेले. आणि तरीही अनेक युनिटांत कायम कामावर पुरुष अधिक आणि हंगामी कामावर बाया अधिक, आणि बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी, असेच चालले. मालकाने केले असते तर गाणे झाले असते. सभेने ठराव करून केले, त्यावर कोण गाणार? १९७७ च्या कायद्यानंतर जमिनी हळूहळू जुन्या मालकांकडे परत गेल्या आणि ती युनिटेही मोडली. ती का मोडली हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक आहेत. बाईच्या रोजाचा प्रश्न मात्र त्यांच्या स्वतःच्या सभेपुढचा होता.

कापणी आता विळ्याने होत नाही. पोर्तुगीज भाषेत कापणीवालीला 'सैफेइरा' म्हणतात. आज त्या देशात एखाद्या पोराला 'सैफेइरा' म्हटले तर तो बहुधा कापणी-मळणीचे मोठे यंत्र दाखवील, कारण त्या यंत्रालाही हेच नाव आहे. बाई गेली आणि नाव यंत्राला राहिले. आपल्या फडातही तोडणी यंत्र शिरलेच आहे. आलेंतेजोच्या माळावर आल्केव्हा धरणाचे पाणी आले, गव्हाच्या जागी ऑलिव्हच्या दाट ओळी आल्या, त्याचीही तोडणी यंत्राने. किनाऱ्याकडच्या ओदेमिरा भागात हरितगृहांतून रास्पबेरी होते, आणि ती वेचणारे मजूर ठेकेदारांमार्फत थेट पंजाब, नेपाळ, बांगलादेशातून गेलेले आहेत. २०२१ मध्ये कोरोनाच्या वेळी तिथे एकेका खोलीत किती माणसे कोंबली होती ते त्या सरकारच्या डोळ्यांसमोर आले.

बायांची कांते-पथके १९७४ नंतर निघू लागली. पियास गावच्या पथकाचे नावच 'पियासच्या कापणीवाल्या'. रुमालावर टोपी, असा रानातलाच वेश करून त्या व्यासपीठावर उभ्या राहतात. पोंतो बाईच, आल्तोही बाईच. आमच्या गट ऑफिसातल्या मोबाईलवर हे गाणे आम्ही दोन-तीनदा लावले. तोडणीचा कार्यक्रम घ्यायला आलेले सभासद आणि स्लिपबॉय सगळे ऐकत उभे राहिले. शब्द एकाला कळला नाही, पण एका वयस्क सभासदांनी लगेच विचारले, "साहेब, ह्या खुरपायला निघाल्यात का परत आल्यात?" आम्ही म्हटले, परत आल्यात. ते म्हणाले, "तरीच एवढा सावकाश आवाज."